मादाम उरान्याचं धुराडं

१

सोमवारी सकाळी ल्यूबाची किंकाळी ऐकू आली तेव्हा मी खिडकीतून सिमीतवाल्याला टोपली सोडत होते. आमच्या बालात वस्तीतले जिने इतके उभे आहेत की माझ्या वयाच्या बायका दोरीला टोपली बांधूनच बाजार करतात. दोरी हातून सुटली. टोपली सिमीतवाल्याच्या पाटीवर आदळली आणि तिळाच्या पावाची ती गोल कडी उतारावरून खाडीच्या दिशेने घरंगळत गेली. त्याने शिवी दिली नाही. त्यालाही ती किंकाळी ऐकू आली होती.

किंकाळी समोरच्या जोडघरातून आली होती. जोडघर म्हणजे एकाच छपराखालची, एका भिंतीने वेगळी केलेली दोन अरुंद घरं. डावीकडे मादाम उरान्या, आमच्या गल्लीत उरलेली शेवटची रूम, म्हणजे इथलीच ग्रीक वंशाची, बाई. उजवीकडे तिची लहानपणापासूनची मैत्रीण मेलाहत, तिचा मुलगा तुरगुत, सून आणि नात. ल्यूबा ही उरान्याला सांभाळणारी बाई, मोल्दोवातून आलेली. रविवार तिच्या सुट्टीचा. दुपारी जेवणं आटोपून ती लालेलीला आपल्या बहिणीकडे गेली होती आणि सकाळी परतली होती.

मी आत शिरले तेव्हा ती जमिनीवर बसून उरान्याचे पाय चोळत होती.

"गार आहेत हो, बाई. केव्हाची चोळतेय, गरमच होत नाहीत."

उरान्या शेगडीशेजारच्या खुर्चीत होती. अंगावर पिठाने माखलेला एप्रन, मान एका बाजूला कललेली, गाल एखाद्या शाळकरी मुलीसारखे गुलाबी. कोळशाच्या धुराने मेलेल्या माणसाचे गाल असेच होतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

चौकीचा पोलीस अधिकारी, कोमिसर एदिप आला. तो माझा विद्यार्थी. भूगोलात नद्या उलट्या वाहवणारा.

"लोदोस, बाई," खिडकीबाहेर बोट दाखवून तो म्हणाला. बाहेर दक्षिणेचा ऊबदार ओला वारा घोंघावत होता, पन्हळीतून वितळलेलं बर्फ ठिबकत होतं. "हा वारा सुटला की धूर धुराड्यातून उलटा खाली येतो. दर हिवाळ्यात दोन-चार म्हातारी माणसं जातातच. रात्री शेगडी पेटती ठेवून खुर्चीतच झोपली असणार."

त्याने टोपी काढली, सुस्कारा टाकला आणि प्रकरण संपवलं.

माझं लक्ष मात्र शेगडीजवळच्या तिवईकडे गेलं. त्यावर मोठं परातीसारखं भांडं होतं. त्यातलं गोड पावाचं पीठ फुगून, काठावरून ओघळून, पुन्हा खाली बसलं होतं. वर सुकलेली साल धरली होती.

"एदिप," मी म्हणाले, "ही रात्री गेलेली नाही. आणि ती गेली तेव्हा लोदोस नव्हता."

२

एदिपने माझ्याकडे बघितलं ते वर्गातल्यासारखंच, उत्तर येत नसताना बघायचा तसं. "बाई, शाळेत शून्य दिलंत. आता नोकरीतही देणार का?" एवढं म्हणून तो निघून गेला.

उरान्याचा चोरेक, म्हणजे महलेपच्या बिया कुटून घातलेला वेणीचा पाव, गल्लीत सगळ्यांना माहीत होता. रविवारी जेवण झालं की ती पीठ मळायची, शेगडीजवळ फुगत ठेवायची आणि दुपार कलतानाच्या नमाजाची बांग व्हायच्या आत भट्टीत सारायची. चहाच्या वेळी निम्मी गल्ली तिच्या दारात. त्या रविवारी पाव भट्टीत गेलाच नव्हता. म्हणजे बांग झाली तेव्हा ती जिवंत नव्हती, किंवा शुद्धीवर नव्हती. अंगावर एप्रन होता. झोपायच्या कपड्यांत ती नव्हती.

आणि रविवारी दुपारी पोयराझ वाहत होता, उत्तरेचा कोरडा, हाडं फोडणारा वारा. माझ्या दोरीवरच्या चादरी फळ्यांसारख्या ताठ झाल्या होत्या. त्या थंडीत पावासाठीही कोणी दाराबाहेर पडलं नव्हतं. खाडीतली बोट वेळेवर आली होती. लोदोस असता तर तिने धक्का सोडला नसता. वारा फिरला तो शेवटच्या नमाजानंतर. माझ्या खिडकीचं दार आपटायला लागलं म्हणून मी उठून कडी घातली होती.

पोयराझ असला की धुराडं उसाचा रस ओढावा तसा धूर वर ओढतं. मग धूर खाली आला कसा?

दुपारी वारा जरा पडल्यावर ल्यूबाला घेऊन मी पुन्हा त्या खोलीत गेले. शेगडीचं नळकांडं सरकवून भिंतीतल्या भोकाशी पेटता कागद धरला. ज्योत सुर्रकन आत खेचली गेली. धुराडं स्वच्छ होतं. पण पडद्यांवर काळसर पिवळी झाक होती आणि छताचा कोपरा काजळीने माखला होता.

"हा कोपरा शनिवारी मी पुसला होता," ल्यूबा पुटपुटली.

म्हणजे रविवारी धुराडं कोणीतरी बुजवलं होतं. नंतर मोकळंही केलं होतं.

"पण बाई, एवढ्या धुरात मादाम उठल्या कशा नाहीत?" असं तिने विचारलं नाही. उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. शरदात उरान्याला जबर ताप आला आणि तिचं नाक गेलं. वासच येईना. पावात महलेप दुप्पट पडायला लागला, पाव कडू होऊ लागला तेव्हा मी तिला छेडलं होतं. तिने माझा हात धरला होता. "कोणाला सांगू नकोस, मुअल्ला. नाक नसलेल्या बाईच्या हातचा पाव कोण खाईल?" तेव्हापासून ल्यूबा तिच्यासाठी सगळं हुंगून बघायची. मेलाहतलाही उरान्याने स्वतःच सांगितलं होतं. आम्हा तिघींपलीकडे कोणालाच कल्पना नव्हती.

ज्याला जीव घ्यायचा असतो तो धुराचा भरवसा धरत नाही. कोळशाचा धूर आधी डोळ्यांना फारसा दिसत नाही, त्याचा उग्र वासच माणसाला हलवतो. नाक असलेला माणूस खोकत उठतो, खिडकी उघडतो, शिव्या देत रस्त्यावर येतो. म्हणजे कोणाला तरी तिला फक्त घराबाहेर काढायचं होतं.

असं वाटणारी माणसं कोण, हे शोधायला मला लांब जावं लागणार नव्हतं. ती सगळी दफनाला येणार होती.

३

चर्चच्या अंगणात मोजकी माणसं होती. पाद्रीबुवांचा आवाज आणि समुद्रपक्ष्यांचं ओरडणं एकमेकांत मिसळत होतं. नंतर दालनात कडक कॉफी, कोरडी बिस्किटं आणि साखर-डाळिंबाचे दाणे घातलेले उकडलेले गहू दिले.

अथेन्सहून पुतण्या आला होता, स्तावरो. आत्याला त्याने लहानपणी पाहिलं होतं, त्यानंतर नाही. त्याने मला पहिलं विचारलं ते, "घराची किल्ली कोणाकडे असते?" दुसरं, "ती कंपनी अजून घर घ्यायला तयार आहे ना?"

त्या कंपनीला जोडघराचं हॉटेल करायचं होतं. दोन्ही अर्धी मिळाली तरच, एक नको. मेलाहतकडचे तयार होते. त्यांना शहराबाहेर नव्या इमारतीत फ्लॅट मिळणार होता. उरान्या हलायला तयार नव्हती. "अथेन्सला गेले तर मला तुर्क म्हणतात, इथे रूम म्हणतात," ती म्हणायची. "मला नुसतं उरान्या म्हणणारी माणसं या एका गल्लीत आहेत. इथून कुठे जाऊ?"

स्तावरो त्या रविवारी अथेन्सला होता. तो छपरावर चढला नव्हता. माझ्याकडची जादा किल्ली मी त्याला दिली.

दुसरा कोराय, कोपऱ्यावरच्या कॅफेचा मालक. रंगीत छत्र्या टांगून तो पर्यटकांना बोलावतो. त्याची गच्ची जोडघराच्या छपराला लागून आहे.

"बाई, या की एकदा. तुमच्यासाठी कापुचिनो माझ्याकडून."

"त्या फेसाने दाढी करू का? रविवारी तुझ्या गच्चीवर कोण होतं?"

"गच्चीवर?" तो हसला. "नोव्हेंबरात वाऱ्याने काच फुटली तेव्हापासून दाराला फळ्या ठोकल्यात. बघून घ्या." मी बघितलं. फळ्या होत्या, खिळ्यांना गंज चढला होता. "आणि मला ती म्हातारी हवीच होती, बाई. खिडकीत बसून भाज्या निवडायची, पर्यटक तिचेच फोटो काढायचे. आता कशाचे काढणार?"

त्याचं बोलणं ओंगळ होतं, पण खरं होतं.

तुरगुत दालनात आलाच नाही. फाटकाशी सिगरेट ओढत उभा होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, डोळ्यांखाली काळं. त्याच्या लेकीला दम्याचा त्रास. त्यांच्या अर्ध्या घराच्या भिंती ओलीने फुगल्या होत्या. ती पोर छातीतून शिट्टी वाजवत झोपायची, मला समोरच्या खिडकीत ऐकू यायचं.

"वाईट झालं, तुरगुत," मी म्हणाले.

"वाईट?" तो एकदम उसळला. "एवढा धूर झाल्यावर कोणीही उठतं, बाई! भरदुपारी, टक्क जागी असताना माणूस खिडकी उघडत नाही? एवढं काय कठीण होतं? उघडायची, खोकायचं, शेजारी यायचं!"

सिगरेट बोटांना भाजली तेव्हा त्याने टाकली.

परतताना मेलाहतकडे डोकावले. ती स्वयंपाकघरातल्या दिवाणावर बसून लीकची पात चिरत होती. गुडघे गेल्यापासून तिचं झोपणंही तिथेच. वरच्या मजल्यावर ती वर्षानुवर्षं चढली नव्हती.

"मेलाहत, रविवारी दुपारी तुला काही जाणवलं?"

"टीव्ही लावला होता," ती सुरीवरून नजर न काढता म्हणाली. "मोठ्याने."

बाहेर आले तेव्हा मानेवर काहीतरी ठिबकलं. गल्लीच्या आरपार बांधलेल्या दोरीवर तिच्या ओसरीतला लाल किलीम, लोकरीची विणलेली सतरंजी, वाळत होता. जानेवारीच्या ओल्या वाऱ्यात जाड किलीम वाळत घातला होता.

तेव्हा मी फक्त मान पुसली आणि घाईने चौकीकडे निघाले. एदिपला लोदोस नव्हता हे सिद्ध करून दाखवायचं होतं ना मला.

४

एदिपने या वेळी नीट ऐकलं. पीठ, एप्रन, बोट, पेटता कागद, काजळी. नाकाचंही मी सांगितलं. ते झाकून ठेवलं असतं तर पुढचं काहीच जुळलं नसतं.

"म्हणजे अपघात नाही," तो सावकाश म्हणाला.

"नाही."

"आणि धुराने ती मरेल हे फक्त नाकाची गोष्ट माहीत असलेल्यालाच कळलं असतं."

"उलटं आहे, एदिप. माहीत नसलेल्याने केलंय. त्याला ती मरायला नकोच होती."

पण तो माझं ऐकत नव्हता. समोर अचानक सोपं गणित आल्यावर त्याचा चेहरा असाच उजळायचा. "ल्यूबाला माहीत होतं. घराची किल्ली तिच्याकडे. तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत केव्हाच संपलीय. सोमवारी सगळ्यात आधी आत गेली तीच. धुराडं मोकळं केलं आणि मग ओरडली."

"ती दुपारी लालेलीत होती!"

"बहीण सांगते. बहीण काय, काहीही सांगेल."

"अरे, तिला काय मिळणार त्यातून?"

"ते ती सांगेल," एदिप म्हणाला आणि त्याने हवालदाराला हाक मारली.

ल्यूबा तेव्हा उरान्याचे कपडे चर्चला द्यायला घड्या घालत होती. हातात उरान्याचा स्वेटर तसाच धरून ती त्यांच्याबरोबर उतारावरून खाली गेली. वळून मला तिने विचारलं, "बाई, तुम्ही यांना काय सांगितलं?"

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मेलाहतची मात्र बंद होती.

५

चौकीत मला तिला भेटू दिलं, ते एदिपच्या शाळेतल्या बाई म्हणून. ती बाकावर बसली होती. कोणीतरी दिलेला चहा समोर गार झाला होता.

"ल्यूबा, सोमवारची गोष्ट पुन्हा सांग. घरात शिरल्यावर तू काय केलंस?"

"एकटी शिरलेच कुठे? दाराशी दूधवाला भेटला. बरण्या आत ठेवायला तोही माझ्याबरोबर आला. आम्ही दोघांनी मिळूनच बघितलं त्यांना. तो पळाला, मी ओरडले."

"हे एदिपला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, दूधवाला तुझा कोण लागतो?" तिने चहाचा पेला बाजूला सरकवला. "बाई, मी धुराडं मोकळं करायला छपरावर जाणार कुठून? आमच्या बाजूला झडपच नाहीये. धुराडं झाडणारा आला की मेलाहतमावशींच्या माळ्यावरूनच जातो."

हे मला माहीत होतं. इतकी वर्षं त्या छपराकडे बघत होते. छपरावर जायच्या दोनच वाटा. कोरायच्या गच्चीला फळ्या ठोकलेल्या. उरली मेलाहतच्या माळ्याची झडप. धुराडं बुजवायला काहीतरी जाड, मोठं लागतं. आणि ज्याने बुजवलं त्याने ते काढून घरी आणलं, काजळीने माखलेलं. ते धुवावंच लागणार, भर जानेवारीत. आणि तुरगुत. 'भरदुपारी, टक्क जागी असताना.' दफनाच्या दिवशी सगळी गल्ली म्हणत होती की उरान्या रात्री झोपेत गेली. चौकीच्या कागदावरही रात्रच होती. दुपारचं मी तोपर्यंत ल्यूबाशिवाय कोणाशी बोलले नव्हते; एदिपलाही 'रात्री नाही' एवढंच म्हटलं होतं.

त्याला ती रस्त्यावर खोकत यायला हवी होती. मग म्हणाला असता, बघा मादाम, हे घर आता राहण्याजोगं नाही, सोडा आता. बिचाऱ्याला वाटलं, सगळ्यांना नाक असतं.

मेलाहतच्या दारावर मी थाप मारली नाही, तशीच आत गेले. ती दिवाणावरच होती. नात तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, श्वासाची शिट्टी वाजत होती.

"किलीम वाळला का?" मी विचारलं.

मेलाहतने माझ्याकडे बघितलं. नंतर नातीच्या कानावर हळूच हात ठेवला.

"काजळी निघत नाही गं लोकरीतून," ती म्हणाली. "कितीही घासलं तरी."

"ल्यूबा आत आहे, मेलाहत. तिने काही केलेलं नाही, आणि तिला सोडवायला या देशात कोणी नाही."

"माहीत आहे."

"तुरगुतला म्हणावं, स्वतःहून जा. त्याला मारायचं नव्हतं हे मी कुठेही सांगेन. एदिप माझं ऐकेल."

"एदिप तुझं ऐकतो?" ती हसली. त्या हसण्यात काहीच नव्हतं. "आजवर त्याने तुझं एकच ऐकलं. त्याने काय झालं, बघितलंस."

"आजचा दिवस दे," ती म्हणाली. "पोरीचा ताप उतरू दे. उद्या सकाळी चौकीत माणूस येईल."

माणूस येईल, एवढंच ती म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही.

६

सकाळी खिडकीतून बघते तर मेलाहत उताराच्या शेवटच्या पायऱ्या उतरत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. दर पायरीला दोन्ही पाय टेकवत, पुन्हा श्वास घेत. मी ओरडले. तिने वर बघितलं नाही. मी चप्पल शोधून खाली पोचेपर्यंत ती चौकीच्या दारात होती.

तिने सगळं सांगितलं. किलीम तिचाच, माळ्याची झडप तिनेच उघडली, धुराड्यात किलीम तिनेच कोंबला. उरान्या हट्टी, घर सोडेना, म्हणून. संध्याकाळी पुन्हा वर जाऊन तिनेच काढला. मुलाला काही माहीत नाही. तो कामावर होता.

"एदिप!" मी टेबलावर हात आपटला. "या बाईचे गुडघे बघ! तिला दिवाणावरून उठायला हात द्यावा लागतो. ती शिडी चढून छपरावर गेली? बर्फात? आणि रविवारी कसलं काम रे त्याचं?"

एदिपने मेलाहतच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडे. तो मूर्ख नाही. त्याला सगळं कळलं होतं. लहानपणी तुरगुत आणि तो एकाच बाकावर बसायचे.

"कबुली आहे, बाई," तो हळूच म्हणाला. "सही आहे. आता यापुढे मी काय शोधू?"

"खरं!"

"तुम्ही शोधलंत ना? मग काय झालं?"

मी तुरगुतला गाठलं. तो दारात लेकीला कडेवर घेऊन उभा होता. पोर माझ्याकडे बघून हसली आणि खोकली.

"तुझी आई तुरुंगात मरेल, तुरगुत."

तो बराच वेळ पोरीची टोपी नीट करत राहिला. "आईने सांगितलंय ना काय झालं ते?" तो म्हणाला. आवाज फाटलेला. "मग तेच झालं." आणि त्याने दार लावून घेतलं.

ल्यूबा सुटली असं म्हणायची पद्धत आहे. चौकीतून तिला थेट परदेशी लोकांना ठेवतात तिथे नेलं आणि तिथून विमानाने तिच्या गावी पाठवलं. परवाना नव्हता, यायला बंदी पाच वर्षांची. तिचं सामान मी बांधून दिलं. उरान्याचा तो स्वेटर तिच्याच अंगावर होता.

स्तावरोने अर्धं घर विकलं, तुरगुतने दुसरं. उन्हाळ्यात तिथे पाट्या लागल्या, फुलांच्या कुंड्या आल्या, सज्ज्यांना निळा रंग दिला. मधली भिंत त्यांनी पाडली. तुरगुत शहराबाहेरच्या फ्लॅटमध्ये गेला. ऐकलं की पोरीची छाती आता साफ आहे. रात्रभर शांत झोपते म्हणे.

ती चांगलीच बातमी आहे. मी स्वतःला तसं बजावत असते.

७

बायकांच्या तुरुंगात मंगळवारी भेट असते. मी जायची. तुरगुत कधीच दिसला नाही. मेलाहत त्याच्याबद्दल विचारायची नाही, नातीबद्दल विचारायची. जाळीपलीकडे ती दर वेळी थोडी लहान झालेली असायची.

एका मंगळवारी राहवेना म्हणून मी बोललेच. "तू त्याच्यासाठी आत बसलीस, आणि तो एकदा तोंड दाखवत नाही. अजूनही खरं सांग. मी वकील बघते."

"कोणासाठी?" तिने विचारलं.

"तुरगुतसाठी. पोरासाठी कोणतीही आई करेल, मला कळतं. पण..."

"मुअल्ला," ती म्हणाली, "तू फार हुशार. सगळं शोधलंस. वारा शोधलास, पीठ शोधलंस. पण माझ्याबद्दल तू काही शोधलंच नाहीस. मैत्रीण म्हणून सोडून दिलंस ना मला?"

"तुरगुत खाली आला आणि म्हणाला, आई, तासभर तिकडे जाऊ नकोस, थोडा धूर होईल, आपसूक बाहेर येईल. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तिला वास येत नाही. मी तोंड उघडायला गेले. तेवढ्यात आत पोर खोकायला लागली. तू ऐकलंयस तिला खोकताना. मी तोंड मिटलं. म्हटलं, पाच मिनिटांनी सांगते. मग भिंतीच्या फटीतून वास यायला लागला."

तिचे हात मांडीवर स्थिर होते.

"मग उरान्याने भिंतीवर खलबत्त्याने ठोकलं. रोज ठोकायची. जेवणानंतरचा चहा तयार झाला की, मला बोलवायला. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून."

"म्हणजे तेव्हा ती..."

"जिवंत होती. माझी वाट बघत होती. मी इकडून ओरडून सांगितलं, 'येते गं उरान्या, भाजी चुलीवर आहे.' भाजी नव्हती चुलीवर. भाजी मी चिरलीही नव्हती." ती थांबली. "तिने पुन्हा एकदा ठोकलं. हळू. मी टीव्हीचा आवाज वाढवला."

पलीकडच्या जाळीशी एक तरुण बाई आपल्या बाळाला हसवत होती.

"कबुलीवर सही करताना मी एदिपला खोटं सांगितलं ते फक्त शिडीचं," मेलाहत म्हणाली. "बाकी सगळं माझंच आहे."

घंटा झाली. ती काठी टेकवत उठली, पहारेकरणीने तिला दंडाला धरलं. जाता जाता ती वळली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी लोकरीचे मोजे आण गं. फरशी फार गार असते इथली."

मोजे मी विणले, नेलेही. पण आत गेले नाही. फाटकावरच्या पहारेकरणीच्या हातात पुडकं दिलं आणि बस पकडली. त्यानंतरच्या मंगळवारीही घरातून निघाले होते, धक्क्यापर्यंत गेले. बोट समोरून सुटली आणि मी तिथेच उभी राहिले.

आता तिला भेटायला कोणीच जात नाही.